त्रिनिदादचं वडाप

अंधार पडल्यावर त्रिनिदादमधला माणूस टॅक्सीत शिरताना म्हणतो, ‘गुड नाइट!’ हा निरोप नाही, नमस्कार आहे. मागच्या सीटवर दोघं आधीच अंग चोरून बसलेले असतात. पुढे ड्रायव्हरशेजारी एक बाई मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन बसलेली असते. सगळे ‘गुड नाइट’ म्हणतात, जरासे सरकतात, दार लागतं आणि गाडी सुटते. कुणी कुणाच्या ओळखीचं नसतं, आणि पुढची वीस मिनिटं कदाचित कुणी तोंडही उघडणार नाही. पण न बोलता आत येऊन बसणं हा उर्मटपणा, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. सकाळी ‘गुड मॉर्निंग’, दुपारी ‘गुड आफ्टरनून’, दिवेलागणीनंतर ‘गुड नाइट’.

सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला ही गाडी ओळखायला वेळ लागणार नाही. ठरलेला रस्ता, ठरलेलं भाडं, सीट भरल्याशिवाय न हलणारा ड्रायव्हर आणि वाटेत कुठेही हात केला की थांबणारी गाडी. आपल्याकडे याला वडाप म्हणतात, तिकडे रूट टॅक्सी. आपलं वडाप बहुतेकदा कायद्याच्या काठाकाठाने चालत आलं. त्रिनिदादने मात्र अशा गाड्यांनाच आपल्या सार्वजनिक वाहतुकीचा कणा मानलं, त्यांना कायद्यात बसवलं, मार्ग आखून दिले आणि मार्गागणिक रंग दिले. म्हणूनच तिथे जाणाऱ्या पाहुण्याने भाड्याची मोटार घेण्याआधी या गाड्यांची ओळख करून घ्यावी.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा मिळून एक देश. क्षेत्रफळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास. व्हेनेझुएलाचा किनारा इतका जवळ की मधली सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी अकराएक किलोमीटरच भरते. जमिनीत आणि समुद्रात तेल-वायू सापडला, वर्षानुवर्षं पेट्रोल स्वस्त राहिलं आणि जपानहून येणाऱ्या जुन्या मोटारींनी अंगणं भरली. पेट्रोलवरचं अनुदान अलीकडे बरंच कमी झालं, पण गाड्या आहेत तिथेच आहेत. सकाळी पूर्वेकडून चर्चिल-रूझवेल्ट हायवे आणि दक्षिणेकडून युरायह बटलर हायवे, दोन्ही राजधानीकडे रिते व्हायला बघतात. या वेळात पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीत स्वतः गाडी घेऊन शिरणाऱ्याचा तास-दीड तास रस्त्यावरच जातो, आणि त्यानंतर पार्किंग शोधायचं ते वेगळंच.

भारतीय माणसाला मोह होतो, हे खरं. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. पण उत्तरेच्या डोंगरातले रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे. शिवाय भाड्याने घेतलेल्या मोटारीच्या नंबराची सुरुवात ‘आर’ या अक्षराने होते. ती पाटी वाचून चालवणारा पाहुणा असल्याचं रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतं. जंगल बघायला, पक्षी बघायला, एका दिवसात चार आडगावं करायला मोटार हवीच. राजधानीत राहून दोन-तीन शहरं बघायची असतील, तर ती ओझंच होते.

नंबरपाटीचं पहिलं अक्षर हीच त्रिनिदादच्या प्रवाशाची बाराखडी. ‘पी’ म्हणजे खासगी, ‘टी’ म्हणजे मालवाहू, ‘आर’ म्हणजे भाड्याने दिलेली आणि ‘एच’ म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली. रूट टॅक्सीला ना काळा-पिवळा रंग, ना टपावर दिवा. निस्सानची किंवा टोयोटाची साधी चार दारांची मोटार. शेजाऱ्याच्या गाडीत आणि तिच्यात फरक फक्त त्या एका ‘एच’चा. मीटर नसतो. चार प्रवासी भरले की सुटते. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कोणत्या उपनगराची टॅक्सी कोणत्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, हे ठरलेलं आहे. मारावलचा थांबा एका कोपऱ्यावर, सेंट अ‍ॅन्सचा दुसऱ्या, सेंट जेम्सचा तिसऱ्या. फलक असेलच असं नाही. पण कुणालाही विचारलं की तो बोट दाखवतो, बहुतेकदा थांब्यापर्यंत सोबतही करतो.

मोठी भावंडं म्हणजे मॅक्सी टॅक्सी. बाराजणांची किंवा पंचविसाची पांढरी व्हॅन, अंगावर आडवा रंगीत पट्टा. १९७९ साली मॅक्सी-टॅक्सींसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि देशाचे सहा भाग पडले. राजधानीच्या पश्चिमेला, म्हणजे डिएगो मार्टिन आणि शगरामसकडे जाणाऱ्या गाडीचा पट्टा पिवळा. पूर्वेला टुनापुना, अरिमा आणि पुढे सांग्रे ग्रांदेकडे जाणारीचा लाल. दक्षिणेला शगवानस आणि सॅन फर्नांडोकडची हिरवी. सॅन फर्नांडोहून पूर्वेला प्रिन्सेस टाउनची काळी, त्याच गावाहून नैर्ऋत्येला सिपारिया-पॉइंट फोर्टिनची तपकिरी. टोबॅगोची निळी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही लांबून कळावं की ही आपली गाडी. मुंबईत पहिल्यांदा आलेल्या माणसाला बसचा नंबर, लोकलचा इंडिकेटर, फास्ट-स्लो हे सगळं उलगडायला किती दिवस लागतात ते आठवलं, की या सहा पट्ट्यांचं मोल कळतं.

गाड्या मात्र सरकारच्या नाहीत. एकेक मॅक्सी एकेका मालकाची. कुणी स्वतः चालवतो, कुणी ड्रायव्हर ठेवतो, आणि भाड्याचे दर त्या त्या मार्गावरच्या मालकांची संघटना ठरवते. सरकारी बस आहेत, त्या १९६५ साली स्थापन झालेलं महामंडळ चालवतं. पण बसची वाट बघायची असते, आणि मॅक्सी एक गेली की दुसरी मागे उभी असते.

मॅक्सींचं मुख्य ठाणं म्हणजे राजधानीच्या साउथ की रस्त्यावरचं सिटी गेट. ही इमारत मुळात रेल्वे स्टेशनची. त्रिनिदादमध्ये १८७६ साली रेल्वे सुरू झाली, पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा. पुढे साखरेच्या आणि कोकोच्या मळ्यांमधून फाटे निघाले. नंतर मोटारी आल्या, भरली की सुटणाऱ्या टॅक्सींनी स्टेशनांवरचे प्रवासी उचलले, रेल्वे तोट्यात गेली, एकेक फाटा बंद पडला आणि २८ डिसेंबर १९६८ रोजी शेवटची गाडी धावली. रूळ उखडले गेले. अरिमाच्या जुन्या लोहमार्गाच्या जागी पुढे पक्का रस्ता झाला. त्याला प्रायॉरिटी बस रूट म्हणतात. त्यावर बस आणि मॅक्सी जातात, खासगी मोटारीला खास परवाना लागतो. म्हणजे ज्या टॅक्सींनी रेल्वेचे प्रवासी पळवले, त्यांच्याच भावंडांना रेल्वेची वाट वारशाने मिळाली. शेजारच्या हायवेवर मोटारी खोळंबलेल्या असताना लाल पट्ट्याची मॅक्सी या रस्त्याने अरिमापर्यंतचे पंचवीसएक किलोमीटर निवांत कापते. स्वतःची मोटार घरी ठेवून मॅक्सीने कामावर जाणारे म्हणूनच इथे भरपूर. एके काळी तोट्यात म्हणून बंद केलेला लोहमार्ग आज असता तर, ही हळहळ तिथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते, आणि ती रास्तच आहे.

आता एक प्रवास जवळून पाहू. सिटी गेटवर हिरव्या पट्ट्याच्या रांगेत ‘शगवानस’ची गाडी विचारायची. स्पेलिंग वाचून कुणी ‘चागुआनास’ म्हटलं तर ड्रायव्हर क्षणभर बघत राहतो. तसंच सांग्रे ग्रांदेचं. स्थानिक माणूस नुसतं ‘ग्रँडी’ म्हणतो. पोर्ट ऑफ स्पेनला कुणी पोर्ट ऑफ स्पेन म्हणत नाही, ते ‘टाउन’. सॅन फर्नांडो म्हणजे ‘सँडो’. थांब्यावर ‘सँडो! सँडो!’ असा पुकारा चालू असतो, आपल्या ‘पनवेल, पनवेल!’च्या चालीवर.

आत शिरायचं, अभिवादन करायचं आणि मागे सरकून बसायचं. उशिरा येणारा पॅसेजमधली घडीची सीट उलगडून बसतो, आणि मागच्याला उतरायचं झालं की उठून वाट देतो. गाणी मोठ्यांदा चालू असतात, कधी सोका, कधी डान्सहॉल, शगवानसच्या वाटेवर ढोलक-धनतालाचं चटणी संगीतही. कार्निव्हल जवळ आला की सोकाशिवाय दुसरं काही नाही. उतरायच्या आधी बेल दाबायची किंवा ड्रायव्हरला सांगायचं. पैसे उतरताना द्यायचे. मोठी नोट काढणाऱ्याकडे ड्रायव्हर कसा बघतो हे सांगायला नको, सुट्ट्यांचा प्रश्न जगभर सारखाच. अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर असा दर बरीच वर्षं आहे. मॅक्सीत स्थानिकच पैसे लागतात, तेही लहान नोटांत.

वीसएक किलोमीटरवर शगवानस. मुख्य रस्त्यावर १९२६ साली बांधलेलं लायन हाउस उभं आहे, लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्या आईच्या माहेरचं घर. नायपॉल यांच्या कादंबरीतलं हनुमान हाउस ते हेच. इथून रूट टॅक्सी बदलून कारापिचायमाकडे जायचं. उसाच्या जुन्या शेतांमधून रस्ता जातो आणि अचानक झाडांच्या वर हनुमानाचं मस्तक दिसतं. ही मूर्ती ८५ फूट उंच आहे आणि ज्या आवारात ती उभी आहे ते मंदिर दत्तात्रेयाचं. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर या वाऱ्या करणाऱ्या घरातला माणूस अटलांटिकपलीकडे शेअर टॅक्सीतून उतरून दत्ताच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल ते इथे लिहून सांगण्याची गरज नाही. जवळच वॉटरलूच्या किनाऱ्यावर समुद्रातलं मंदिर आहे. शिवदास साधू या ऊस-मजुराने किनाऱ्यावर बांधलेलं देऊळ जमीन साखर कंपनीची म्हणून पाडलं गेलं, त्याला चौदा दिवसांची कैद झाली. सुटल्यावर तो म्हणाला, जमीन कंपनीची, समुद्र तर कुणाचा नाही. मग सायकलवरून दगड-माती वाहत त्याने पुढची पंचवीस वर्षं पाण्यात भराव घातला.

भारतातून गिरमिटियांचं, म्हणजे करारबद्ध मजुरांचं, पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला लागलं, आणि १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं आली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली. त्यामुळे दक्षिणेकडच्या टॅक्सीथांब्यांवर फैजाबाद आणि बराकपूर ही गावांची नावं ऐकू येतात. डेबे गावाच्या रस्त्याला फुलौरी, सहीना आणि दोन बाऱ्यांमध्ये, म्हणजे तळलेल्या मऊ पुऱ्यांमध्ये, छोले घातलेले डबल्स मिळतात. तिथे ड्रायव्हरने गाडी क्षणभर थांबवली तर कुणी कुरकुर करत नाही.

रूट टॅक्सीचे आणखी दोन शब्द माहीत हवेत. मार्गावरच थोड्याशा अंतरापुरतं बसायचं असेल तर ‘शॉर्ट ड्रॉप’, त्याचं भाडं कमी. आणि मार्ग सोडून दारापर्यंत सोडायचं असेल तर ‘ऑफ रूट’, त्याचे जादा पैसे. ते बसण्याआधी ठरवायचे, उतरताना नाही. चौकात उभा असलेला प्रवासी बोटानेच दिशा सांगतो. डावीकडे वळायचं, सरळ जायचं, सगळं हाताच्या इशाऱ्यावर. समोरून येणारा ड्रायव्हर तिकडे जात असेल तर थांबतो, नसेल तर निघून जातो. राजधानीतल्या क्वीन्स पार्क सव्हाना या प्रचंड मैदानाभोवतीचा साडेतीन-पावणेचार किलोमीटरचा रस्ता एकदिशा आहे. तिथे टॅक्सी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरते, त्यामुळे नाकासमोर दिसणाऱ्या ठिकाणी जायलाही मैदानाचा जवळपास पूर्ण फेरा पडू शकतो.

इथपर्यंत सगळं गोड. पण ‘पी’ पाटीच्या गाड्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. खासगी मोटार बिनपरवाना टॅक्सी म्हणून चालवली की तिला तिकडे ‘पीएच’ म्हणतात. बेकायदा, तरी राजरोस. त्यांचे थांबे ठरलेले, ड्रायव्हर गल्लीतल्या सगळ्यांच्या ओळखीचे. ज्या डोंगरवस्त्यांत परवानाधारक टॅक्सी चढायला नाखूष असते, पाऊस कोसळत असताना किंवा रात्री उशिरा जिथे मॅक्सी मिळत नाही, तिथे पीएच हाच आधार. नोकरी गेलेल्या माणसाची तीच रोजी. हे सगळं मान्य केलं तरी पाहुण्याने त्यात बसू नये. अपघात झाला तर खासगी विमा भाड्याच्या प्रवाशाला संरक्षण देत नाही, आणि ड्रायव्हर कोण याची नोंद कुठेच नसते.

आणि ‘एच’ म्हणजे डोळे मिटून विश्वास, असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये अरिमात कामावरून घरी निघालेली एक तरुणी टॅक्सीत बसली. त्या गाडीवरची ‘एच’ची पाटी खोटी होती. काही दिवसांनी डोंगरात तिचा मृतदेह मिळाला. त्याच्या आधीच्याच महिन्याभरात-दोन महिन्यांत आणखी एका मुलीचा असाच बळी गेला होता. देशभर बायका मेणबत्त्या आणि फलक घेऊन रस्त्यावर उतरल्या. ज्या गाडीत रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणून बसायचं, तिचीच भीती वाटावी, हा घाव त्या समाजाला खोल लागला. तेव्हापासून बसण्याआधी नंबरपाटीचा फोटो घरी पाठवणं अनेक मुलींच्या अंगवळणी पडलं. संघटित गुन्हेगारीमुळे ३० डिसेंबर २०२४ रोजी देशात आणीबाणीही पुकारावी लागली होती. म्हणून दिवसा थांब्यावरची टॅक्सी किंवा मॅक्सी, अंधारानंतर हॉटेलने किंवा यजमानाने ओळखीचा म्हणून बोलावलेला ड्रायव्हर, हा नियम मोडू नये. रिकाम्या गाडीत एकट्याने बसण्यापेक्षा दोन प्रवासी असलेल्या गाडीची वाट बघावी.

अ‍ॅपचं काय? उबर २०१७ मध्ये त्रिनिदादला आली आणि २०१८ मध्ये गाशा गुंडाळून गेली. आता स्थानिक अ‍ॅप आहेत, शहरी तरुण ती वापरतात. पियार्को विमानतळ राजधानीपासून पंचवीसएक किलोमीटरवर आहे. तिथे अधिकृत टॅक्सींचे दर ठरलेले असतात. लांबचा प्रवास करून सामानासकट उतरलेल्याने पहिल्या दिवशी तीच घ्यावी, मॅक्सीची हौस दुसऱ्या दिवशी.

सॅन फर्नांडोला जायची आणखी एक वाट पाण्यातून आहे. २००८च्या डिसेंबरपासून राजधानी आणि सॅन फर्नांडो यांच्यात वॉटर टॅक्सी चालते. नाव टॅक्सी, प्रत्यक्षात वेगवान प्रवासी बोट. हायवेवरचे पंचावन्न किलोमीटर टाळून ती पाऊण-एक तासात पोचवते. ती मुख्यतः नोकरदारांच्या वेळा सांभाळते, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवावं. टोबॅगोत मात्र गणित उलटं. तिथे वस्ती विरळ, निळ्या पट्ट्याच्या गाड्या कमी, संध्याकाळनंतर तर फारच कमी. त्या बेटावर मोटार भाड्याने घेणं शहाणपणाचं.

शेजारच्या बेटांनीही आपापल्या खुणा केल्या आहेत. जमैकात परवानाधारक टॅक्सीची नंबरपाटी लाल असते. बार्बाडोसमध्ये ‘झेड-आर’ने सुरू होणाऱ्या नंबराच्या पांढऱ्या व्हॅन धावतात, त्यांना लोक त्या अक्षरांनीच ओळखतात. गावं छोटी, प्रवासी थोडे, मोठी बस परवडत नाही. अशा ठिकाणी वडापच टिकतं, बेट कुठलंही असो.

मराठी माणूस तिकडे बहुधा क्रिकेटसाठी जातो. सॅन फर्नांडोजवळच्या तारुबातल्या ब्रायन लारा स्टेडियमला जायचं तर हिरवा पट्टा. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलला जायचं तर ट्रॅगारेट रोडने जाणारी सेंट जेम्सची टॅक्सी दारात सोडते. याच ओव्हलवर मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या आणि सुनील गावसकर नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा पहिली कसोटी खेळला. महिन्याभराने त्याच मैदानावर त्याने एका कसोटीत १२४ आणि २२० धावा काढल्या, आणि लॉर्ड रिलेटर या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सो गीत रचलं. विराट कोहलीनेही २०२३च्या जुलैमध्ये इथेच १२१ धावा केल्या. सामना संपल्यावर गर्दीतून गाडी काढायला पार्किंगमध्ये तासभर लागतो. टॅक्सीवाला कोपऱ्यावर उभाच असतो.

दिवसाउजेडी वेळ असेल तर ओव्हलवरून परत न फिरता त्याच टॅक्सीने पुढे सेंट जेम्समध्ये जावं. तिथल्या रस्त्यांची नावं दिल्ली, मद्रास, कलकत्ता आणि लखनौ अशी आहेत. त्यांतला एक बॉम्बे स्ट्रीट आहे.